ताटातुटीचा ॲनिमेशन लघुपट महिन्याभरात होत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

युद्धात ताटातूट झालेल्या कुटुंबांवरच्या ॲनिमेशन लघुपटांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. हा विषय मराठी वर्तमानपत्रात आला याचं बरं वाटलं. पण त्यात दोन विधानं फार सहज केली आहेत. एक, ॲनिमेशनमध्ये काहीही दाखवता येतं म्हणून युद्धाचे प्रसंग स्वस्तात होतात. दुसरं, आताची साधनं हाताशी असली की दोघातिघांना असा लघुपट महिन्याभरात उरकता येतो. हे वाचून एखादा नवखा कामाला लागला, तर सहा महिन्यांनी त्याच्याकडे धुराच्या लोटांची आणि रणगाड्यांची दोनशे देखणी चित्रं असतील, लघुपट नसेल. म्हणून हे पत्र. लांबलं आहे. कात्री लावायची झाली तर आकडे तेवढे ठेवावेत.

आधी हिशोब. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. हाताने काढलेल्या कामात एक चित्र बहुधा दोन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. आठ मिनिटांच्या लघुपटाला ५,७६० चित्रं झाली, तीसुद्धा पडद्यावर एका वेळी एकच पात्र हलतंय असं धरून. कच्चं रेखाटन, मधली चित्रं, क्लीन-अप (रेषा स्वच्छ करणं) आणि रंग मिळून एका चित्राला सरासरी ४० मिनिटं धरू. ३,८४० तास झाले. रोज सहा तास खरोखर हात चालला तर ६४० दिवस. तिघांनी वाटून घेतलं आणि महिन्याचे २५ दिवस काम केलं तर साडेआठ महिने. पार्श्वभूमीची चित्रं, आवाज, कंपोझिटिंग (सगळे थर एकत्र बसवणं), सबटायटल यातलं काहीही या हिशोबात नाही.

आता रणगाडा घ्या. वळणाऱ्या रणगाड्याच्या चार सेकंदांना ४८ चित्रं लागतात आणि प्रत्येकात पट्ट्याचा एकेक दुवा नव्या कोनातून काढावा लागतो. चित्राला दोन तास धरले तर ९६ तास. तेवढ्या तासांत नेहमीच्या वेगाने १४४ चित्रं होतात, म्हणजे पत्राची घडी उलगडणाऱ्या हातांचे १२ सेकंद. त्रिमितीत रणगाडा बनवून फिरवला तर कष्ट वाचतात हे खरं, पण तो हाताच्या रेषेत बसवायला पुन्हा वेळ जातो आणि नाही बसवला तर चित्रपटात खेळणं शिरल्यासारखं दिसतं. प्रेक्षकाने रणगाडे हजार वेळा पाहिलेत. तुमच्या पात्राचे हात त्याने पाहिलेले नाहीत. चित्रं मोजकी आहेत, ती तिकडे खर्चावीत.

तर मग युद्ध कुठून यायचं? आवाजातून. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तीन किलोमीटरवर स्फोट झाला तर उजेड लगेच पोचतो, आवाज नऊ सेकंदांनी. एक किलोमीटरवर झाला तर तीन सेकंदांनी, म्हणजे सुमारे ७० फ्रेमनंतर. बहुतेक नवख्यांच्या कामात उजेड आणि आवाज एकाच फ्रेमवर पडतात. तिथे आघाडी खोलीच्या दारात आली असा अर्थ होतो, आणि पात्रं मात्र जेवत असतात. अंतर बरोबर धरलं तर तेच गणित पटकथेच्या कामी येतं. काचेवर उजेड पडतो, मुलीचे ओठ हलतात, ती नऊपर्यंत मोजते, मग गडगडाट. पुढच्या दृश्यात सहापर्यंत. त्यापुढच्यात 'दोन' म्हणायच्या आत. एकही स्फोट न काढता आघाडी किती जवळ आली हे कळतं. उजेडासाठी तीन-चार फ्रेमचा एक फिका लेयर (चित्रावरचा वेगळा थर) आणि ओठांचे तीन-चार आकार एवढंच चित्रकाम लागतं.

या गडगडाटात एक खोच आहे. २०० हर्ट्झच्या खालचा आवाज फोनच्या स्पीकरमधून जवळजवळ ऐकूच येत नाही. मिक्सिंगच्या खोलीत छाती हलवणारा आवाज फोनवर गायब होतो आणि मुलगी उगाच का मोजतेय ते कळत नाही. म्हणून गडगडाटाबरोबर वरच्या पट्टीचं काहीतरी हलवावं: तावदानाची काच, कपाशी टेकलेला चमचा, दाराची कडी. हे आवाज कुठल्याही घरात रेकॉर्ड करता येतात. शांततेचंही तसंच. ट्रॅकवर नुसती मोकळी जागा सोडली तर अंधाऱ्या थिएटरात लोकांना स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं. जिथे रेकॉर्डिंग करता त्या प्रत्येक खोलीची एक मिनिट नुसती शांतता, रूम टोन, रेकॉर्ड करून ठेवावी आणि शांत दृश्यांखाली ती अंथरावी. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. नंतर आवाज 'साफ' करण्याच्या नादात म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यातला श्वास आणि जिभेचा ओला आवाज पुसला जातो, मग मुलाखतीत आपली हकिकत सांगणारी बाई रेल्वेच्या उद्घोषणेसारखी ऐकू येते.

आता कागदाकडे येऊ, कारण या विषयाचं खरं दृश्य तिथे आहे. युद्धकाळात घरच्यांना पत्र कसं लिहायचं याचे नियम आहेत. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं २५ वं कलम सांगतं की कौटुंबिक पत्रव्यवहारावर निर्बंध घालायचेच असतील तर ते इतकेच असावेत: ठरावीक नमुन्याचा अर्ज, त्यात स्वतःच्या मनाचे २५ शब्द, आणि महिन्याला एक अर्ज. दुसऱ्या महायुद्धातही रेडक्रॉसमार्फत जाणारे निरोप बहुधा २५ शब्दांचेच असत. पटकथा लिहिणाऱ्याला याहून काय हवं? बाईने निरोप लिहिला, बोटांवर मोजला, सत्तावीस शब्द झाले. दोन खोडायचे आहेत. कुठले खोडते, खोडण्याआधी पेन्सिल कुठे थबकते, खोडलेला शब्द तरीही वाचता येतो का, या तीन निर्णयांसाठी तिच्या भूतकाळाची दहा मिनिटं दाखवावी लागत नाहीत.

पत्राचा शॉट फसतो तो दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे वेळ. स्टोरीबोर्डवर (दृश्यांच्या कच्च्या चित्रमालिकेत) 'ती पत्र उघडते' हे एक चित्र असतं आणि ॲनिमॅटिकमध्ये (तीच चित्रं वेळ लावून जोडलेल्या कच्च्या फिल्ममध्ये) त्याला सव्वा सेकंद दिलेला असतो, कारण स्थिर चित्र त्याहून जास्त वेळ बघवत नाही. प्रत्यक्षात चार घड्यांचा जुना कागद न फाडता उलगडायला सहा-सात सेकंद लागतात. ॲनिमेटर मग सव्वा सेकंदात तो उलगडवतो आणि बाई विजेचं बिल उघडल्यासारखी दिसते. उपाय साधा आहे. ॲनिमॅटिक करताना प्रत्येक हालचाल खरोखर करून फोनवर चित्रित करावी, सेकंद मोजावेत आणि तेवढी जागा आधीच सोडावी. आठ मिनिटांत ९०-१०० शॉट बसतात, म्हणजे शॉटला सरासरी पाच सेकंद. पत्राला पंधरा दिले तर ते कुठून तरी काढावे लागणार. काय कापायचं हे ॲनिमॅटिकमध्ये ठरलं तर एका दुपारचं काम, रंगवून झाल्यावर ठरलं तर तीन आठवडे पाण्यात.

दुसरं म्हणजे लिपी. ज्याला ती लिपी येत नाही त्याने काढलेलं अक्षर जाणकाराला पहिल्या सेकंदात कळतं. वळण उलट्या बाजूने सुरू होतं, जोडाक्षर आधी तुटतं मग जुळतं. त्या भाषेत लिहिणाऱ्या, शक्यतो त्याच पिढीच्या माणसाकडून निरोप कागदावर लिहून घ्यावा, लिहिताना हात वरून चित्रित करावा आणि त्यावर काम करावं. अरबी किंवा हिब्रूसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीत उजव्या हाताखाली नुकतंच लिहिलेलं येतं, म्हणून बरेच जण हात ओळीच्या खाली धरतात. हे ठाऊक नसेल तर मराठी लिहिणारा हात काढला जातो आणि अक्षरं उलट्या बाजूने उगवतात. शिवाय शॉट आरशासारखा उलटवायचा मोह सगळ्यांना होतो, पात्र चुकीच्या दिशेला बघत असलं की एका क्लिकमध्ये सुटका. त्या क्लिकमध्ये पत्रातली लिपी, कोटाची बटणं, घड्याळ आणि गाडीच्या चालकाची जागाही उलटते. पत्रावरची अक्षरं वेगळ्या लेयरवर ठेवावीत. दुसऱ्या भाषेची आवृत्ती करताना तीच सोय उपयोगी पडते.

दिशेबद्दल एवढंच, की जाणारा माणूस डावीकडून उजवीकडे गेला असेल तर मागे राहिलेल्यांनी उजवीकडेच बघायला हवं आणि पत्र उजवीकडून डावीकडे यायला हवं. मध्येच आगगाडी उलट दिशेला धावली तर प्रेक्षकाला तो परत आल्यासारखं वाटतं. हे चित्रपटाचं बाळबोध व्याकरण आहे, पण वीस वर्षांच्या विरहात दोन देश आणि चार घरं आली की भलेभले चुकतात. भिंतीवर एक नकाशा लावून त्यावर बाण काढून ठेवावेत.

आता पात्रं. दक्षिण कोरियाच्या केबीएस वाहिनीने ३० जून १९८३ रोजी कोरियन युद्धात दुरावलेल्या नातेवाइकांना शोधणारा कार्यक्रम सुरू केला. ९५ मिनिटांचा म्हणून योजलेला तो कार्यक्रम १४ नोव्हेंबरपर्यंत चालला: १३८ दिवसांत ४५३ तास ४५ मिनिटं प्रक्षेपण. त्यात ५३,५३६ जण झळकले आणि १०,१८९ कुटुंबांची गाठ पडली. २०१५ साली या नोंदी युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत गेल्या. पात्ररचना करणाऱ्याने यातून घ्यायचं ते हे, की माणसं फलक धरून उभी होती आणि फलकांवर नाव, गाव, कुठे चुकामूक झाली हे लिहिलेलं होतं. पडद्याच्या दोन भागांत दोन अनोळखी माणसं एकमेकांना भाजल्याचे डाग आणि जखमांचे व्रण विचारत होती. तीस वर्षांनी चेहरा कामाला येत नाही.

आपल्याकडे मात्र पात्राची सहा वर्षांची आणि साठ वर्षांची प्रतिमा करताना डोळे तेच ठेवायचे, म्हणजे ओळख पटेल, असा सरळ हिशोब असतो. तो पडद्यावर टिकत नाही, कारण एका शैलीत काढलेल्या सगळ्याच पात्रांचे डोळे सारखे असतात. एखादी खूण निवडावी, आणि ती शक्यतो हालचालीची असावी: डाव्या हाताने उजवी बाही वर सारणं, बसताना आधी जमीन चाचपणं. बालपणात ती निदान तीनदा दिसायला हवी, त्यातली दोन वेळा दुसऱ्याच कशाकडे लक्ष वेधलेलं असताना. एकदाच आणि जवळून दाखवली की ही पुढे कामाला येणार हे प्रेक्षक ताडतो. तीच खूण मॉडेल शीटवर (पात्राच्या नमुना-चित्रांच्या तक्त्यावर) ६, ३० आणि ७० अशा तीन वयांत काढून ठेवावी. वयाबरोबर हालचालीचा वेग बदलतो, तिचा क्रम बदलत नाही.

लहान मुलाला काय ठाऊक असतं याचाही विचार हवा. १९९४ च्या वंशसंहारानंतर रवांडात आणि शेजारच्या छावण्यांत एक लाखाहून अधिक एकट्या मुलांची नोंद झाली. ज्यांना नावगाव सांगता येत नव्हतं त्यांचे फोटो फलकांवर लावून लोकांना ओळखायला सांगितलं जाई. तुमचं पात्र चार वर्षांचं असेल तर त्याला आईचं नाव विचारल्यावर ते 'आई' म्हणेल, आणि गाव विचारल्यावर 'आमचं घर'. संवाद लिहिताना हे विसरून मुलाच्या तोंडी तालुका-जिल्हा घालणारी पटकथा पुष्कळदा दिसते. भाषेचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडमधून सुमारे ७०,००० मुलं, बहुतेक स्वीडनला, पाठवली गेली, गळ्यात नावाची चिठ्ठी बांधून. परतलेल्यांपैकी कित्येकांची मायबोली तोवर गेलेली होती. पुनर्भेटीच्या प्रसंगात दोघं अस्खलित बोलू लागली तर तो प्रसंग हातचा गेला.

पुनर्भेटीवरून आठवलं. २००० ते २०१८ या काळात दोन्ही कोरियांमधल्या कुटुंबांच्या प्रत्यक्ष भेटींच्या २१ फेऱ्या झाल्या. दोन-तीन दिवस, त्यातले एकत्र घालवायला मिळत ते थोडेच तास, आणि शेवटी परतीची बस. आत एक जण, बाहेर एक जण, मधल्या काचेला दोघांचे हात. हे दृश्य काढायचा मोह होणारच, आणि बहुतेक वेळा ते चुकीचं काढलं जातं. दोन्ही तळव्यांच्या बाह्यरेषा एकमेकींवर तंतोतंत बसवल्या की काच नाहीशी होते आणि हात एकमेकांना लागल्यासारखे दिसतात, म्हणजे प्रसंगाचा मुद्दाच गेला. बाहेरचा तळवा किंचित सरकवून वेगळ्या लेयरवर ठेवावा. काचेवर दाबलेल्या तळव्याची बोटांची टोकं, बोटांच्या बुडाचा आणि मनगटाजवळचा उंचवटा एवढंच चपटं होतं आणि तिथलं रक्त हटून त्वचा फिकी पडते, तेवढे ठिपके फिक्या रंगात हवेत. तळव्याचा मधला खळगा काचेला लागत नाही. मध्ये काचेवरचं प्रतिबिंब १५-२० टक्के अपारदर्शकतेने. बस हलली की प्रतिबिंब आधी सरकतं, हात नंतर निसटतो. एवढं साधलं तर त्या शॉटला संगीत लागत नाही.

संगीताचा विषय निघालाच आहे तर, अंगाईगीत लोकपरंपरेतलं असलं तरी त्याचं ध्वनिमुद्रण आणि संगीतयोजना कोणाच्या तरी मालकीची असते. स्वतः गाऊन घ्यावं.

थांबलेल्या दृश्यांबद्दल. वाट बघणं हा या लघुपटांचा अर्धा भाग असतो आणि तिथे चित्रं वाचतात. ४० टक्के वेळ पात्रं स्थिर ठेवली तर मघाचे ५,७६० खाली ३,४५६ वर येतात. पण एकच चित्र पाच सेकंद टिकवलं की फिल्म अडकल्यासारखी वाटते. म्हणून तेच चित्र तीनदा गिरवून आळीपाळीने दाखवतात, रेषा जराशी जिवंत राहते. याला बॉइल म्हणतात. एक-दोन-तीन-दोन असा क्रम ठेवला तर छाती धपापल्यासारखी लय येते, क्रम विस्कटलेला बरा. दर दोन फ्रेमला बदललं तर पात्र थंडीने कुडकुडतंय असं दिसतं, शांत दृश्यात प्रत्येक चित्र तीन-चार फ्रेम टिकवावं. डोळ्यांच्या बाहुल्या बॉइलमधून वगळून वेगळ्या लेयरवर स्थिर ठेवाव्यात, नाहीतर नजर भिरभिरते. वाट बघणाऱ्या माणसाची नजर भिरभिरली तर ते खोटं बोलतंय असं वाटतं.

कोळशाने काढून, पुसून, पुन्हा काढण्याचं तंत्र या विषयाला शोभतं, कारण पुसलेल्याची सावली मागे राहते. मात्र त्यात मागे जाता येत नाही. शॉटच्या चाळिसाव्या चित्रात चूक दिसली तर पहिल्यापासून. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स हाताने बांधून टाकावा, खिडक्या झाकाव्यात, फिकट कपडे घालून काम करू नये. सदऱ्याचा उजेड कागदावर पडतो आणि चित्र लुकलुकतं.

सॉफ्टवेअरवर लेखात बरीच जागा गेली आहे, ती इतकी मोलाची नाही. क्रिता, ओपनटून्झ, ब्लेंडर ही तिन्ही फुकट आहेत आणि लघुपटाला पुरतात. महत्त्वाचं ते पहिल्याच दिवशी ठरवावं: २४ फ्रेम की २५. मागाहून बदललं तर एकतर हालचाल धक्के खाते किंवा आवाजाची पट्टी चार टक्क्यांनी सरकते. धूर, धुकं आणि रात्र यांच्या रंगछटा दर रंगाला आठ बिट धरले तर पट्ट्यापट्ट्यांच्या दिसतात. १६ बिटमध्ये काम करावं आणि वरून फिल्मसारखा बारीक दाणा टाकावा. फायलींच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या घरात. यंत्राकडून चित्रं तयार करून घेण्याचा जो मार्ग लेखात सुचवला आहे, तो याच विषयात सगळ्यात लवकर उघडा पडतो. त्यातून निघालेल्या पत्रांवरची लिपी बऱ्याचदा लिपीच नसते, एका गणवेशावर दोन सैन्यांच्या खुणा येतात, आणि मुलीच्या गालावरचा व्रण शॉटागणिक जागा बदलतो. ज्या चित्रपटात व्रणावरून बहीण ओळखायची आहे तिथे हे कसं चालेल?

आणि साक्षी. खऱ्या माणसांच्या मुलाखतींवर काम करणार असाल तर ॲनिमेशनने चेहरा झाकला म्हणून माणूस झाकला असं समजू नये. आवाज, बोलीतला एखादा शब्द, भावंडांची संख्या, वडिलांचा धंदा, नदीकाठचं गाव, एवढ्यावरून त्या भागातला माणूस घर ओळखतो, आणि नातेवाईक अजून सीमेपलीकडे असतील तर किंमत ते मोजतात. ॲनिमॅटिक झाल्यावर तो त्याच समाजातल्या विश्वासू माणसाला दाखवून, कोण असेल ओळखा, असं विचारावं. ओळखलं तर तपशील बदलावेत, तेही कथेचा भार नसलेले: भावंडं तीनाची चार, धंदा लोहाराचा सुताराचा. आवाज नटाकडून बोलवून घेतला तर श्रेयनामावलीत तसं लिहावं. संमतीपत्रात आवाज, चेहरा, नाव आणि फोटो यांची चार वेगळी कलमं असावीत, आणि पिक्चर लॉकपर्यंत (संकलन कायम होईपर्यंत) माघार घेण्याची मुभा. फोटोवरून हुबेहूब गिरवलेला चेहरा हा फोटोच असतो. मुलाखत तास-दीड तासाची, दोन बैठकींत, ओळखीचं माणूस शेजारी बसवून. निरोपाचा क्षण 'पुन्हा एकदा सांगाल का, रेकॉर्डिंगमध्ये गाडीचा आवाज आला' असं कोणी विचारू नये. आवाज आला तर आला, तो शब्द चित्राने भरून काढावा.

काल्पनिक देश घ्यावा की खरा, यावर मतं वेगळी असू शकतात. आम्हाला काल्पनिक देश पळवाट वाटतो. त्यात शिरस्त्राण एकीकडचं, बुरूज दुसरीकडचे आणि पोटातलं दुःख कुठलंच नाही असं होतं. खरा देश घेतला तर रेशनच्या कुपनावर शिक्का कुठे असतो हे शोधावं लागतं आणि शोधताना गोष्टी सापडतात. जिनिव्हात पहिल्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांच्या नोंदींची सुमारे ७० लाख कार्डं जपलेली आहेत. एका कैद्याच्या नावाची स्पेलिंगं वेगवेगळी, म्हणून कार्डंही अनेक. असं एक कार्ड समोर ठेवून काढलं तरी एक शॉट मिळतो: नोंद करणाऱ्या मुलीने एकाच माणसाची दोन कार्डं टाचणीने जोडली.

लांबी दहा मिनिटांच्या आत ठेवावी. ऑस्करच्या नियमात लघुपट म्हणजे श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांपर्यंत, पण महोत्सवात दीड तासाच्या एका खेळात आठ-दहा चित्रपट बसवायचे असतात, आणि वीस मिनिटांचा घ्यायचा तर इतर दोन चित्रपट बाजूला ठेवावे लागतात.

शेवटची पाटीही बहुतेक जण घाईत उरकतात. अशा लघुपटानंतर प्रेक्षकांतून एखादा माणूस येतो आणि विचारतो, आमचा एक जण असाच राहिलाय, कुठे विचारायचं. रेडक्रॉस आणि रेड क्रेसेंटच्या संस्था युद्धात बेपत्ता झालेल्या नातेवाइकांचा शोध घेण्यासाठी अर्ज घेतात आणि त्याचे पैसे लागत नाहीत. जिथे खेळ असेल तिथल्या संस्थेचा पत्ता आधी मिळवून पाटीवर घालावा, स्थानिक भाषेत, दोन ओळींत, आणि पाटी निदान बारा सेकंद ठेवावी. पहिले चार-पाच सेकंद माणूस खिशात पेन शोधत असतो.

कळावे,

लघुपट-ॲनिमेशनच्या कामातले आम्ही काही जण